उंचीचा भाव

तैपेईतल्या चहाच्या दुकानात दरफलकावर आधी दिसतात ती डोंगरांची नावं. अलीशान, शानलिनशी, लीशान, दायूलिंग. शेजारी आकडे. आकडा एका ‘जिन’चा, म्हणजे ६०० ग्रॅमचा, तिथे चहा किलोनं विकत नाहीत. मळा जितका उंच तितका आकडा मोठा, आणि भाव उंचीपेक्षा भराभर चढतो. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर पिकला तो डोंगरी ऊलाँग, अशी तिथली रूढ रेषा. अलीशानचे मळे साधारण १,००० ते १,५०० मीटरवर, शानलिनशीचे १,२०० ते १,८००, लीशानचे १,६०० च्या पुढे, आणि दायूलिंग २,५०० च्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो, तिथून लीशानचा चहा सुरू होतो.

*

उंचीनं नेमकं होतं काय? थंडीमुळे झुडूप सावकाश वाढतं. दुपारनंतर ढग उतरतात, ऊन गाळून येतं. प्रखर उन्हात चहाच्या पानात कॅटेचिन जास्त तयार होतात. जीभ आवळणारा तुरटपणा त्यांचा. धुक्यात ते कमी राहतात आणि थिअनिनसारखी अमिनो आम्लं टिकतात. गोडसर, तोंडभर पसरणारी चव त्यांची. पानही जाड होतं, म्हणून सहा-सात वेळा पाणी घातलं तरी त्याच्यापाशी द्यायला काहीतरी उरतं.

इथवर विक्रेत्याचं म्हणणं मला मान्य. पण ही सगळी झुडपाची बाजू झाली. ज्या ढगांची जाहिरात होते तेच ढग पान खुडायच्या दिवशी आले तर चहा बिघडवतात. ऊन नाही, पान कोमेजत नाही, आतला ओलावा निघत नाही, आणि पाकिटात येतो हिरवट, कच्चा, रिकाम्या पोटी घेतला तर मळमळायला लावणारा चहा. २,४०० मीटरवर पावसात खुडलेल्या पानापेक्षा १,३०० मीटरवर कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खुडलेलं पान शतपटीनं बरं. दरफलकावर हवामानाचा रकाना नसतो.

*

पाकिटांवरची चित्रं बघून हा चहा पुरातन वाटतो. देवदार, धुकं, काठी टेकलेला दाढीवाला. प्रत्यक्षात डोंगरी ऊलाँग वयानं माझ्याहून फार मोठा नाही.

तैवानचा चहा जगाच्या बाजारात नाव काढून गेला तो १८६९ मध्ये. जॉन डॉड हा ब्रिटिश व्यापारी आणि त्याचा स्थानिक मुनीम ली चुनशेंग यांनी दोन जहाजं भरून ‘फॉर्मोसा ऊलाँग’ थेट न्यूयॉर्कला धाडला. तो बेटाच्या उत्तरेकडच्या ठेंगण्या टेकड्यांवरचा होता. त्यानंतर शंभर वर्षं तैवाननं चहा पिकवला तो मुख्यतः दुसऱ्यांनी प्यावा म्हणून. १९७० च्या दशकात मजुरी वाढली, निर्यात परवडेना. त्याच सुमारास बेटावरच्या माणसांच्या हातात पैसा खुळखुळू लागला आणि चांगला चहा घरातच खपू लागला. १९८२ मध्ये चहा बनवण्यावरचे जुने निर्बंध उठले. तोवर शेतकऱ्यानं पान पिकवायचं आणि कारखान्याला द्यायचं, अशी रीत. आता तो घरामागच्या शेडमध्ये स्वतः चहा बनवून स्वतःच्या नावानं विकू शकत होता. मग मळे डोंगर चढू लागले.

*

लीशानला चढायला रस्ता आधीपासून होता. बेटाच्या मधोमध पर्वतरांग आडवी कापणारा महामार्ग १९६० मध्ये पुरा झाला. तो फोडला चीनमधून हरून आलेल्या कुओमिंतांग फौजेच्या निवृत्त सैनिकांनी, बरंचसं काम हातानं. त्यांच्यातल्या अनेकांना वर जमिनी देऊन सफरचंद, नासपती, पीच लावायला बसवलं. फुशोउशान हे माजी सैनिकांसाठीचं सरकारी शेत १९५७ चं. पुढे परदेशी सफरचंद स्वस्तात यायला लागलं, तशी फळबागांची जागा चहानं घेतली. आजही तिथे चहाच्या ओळींशेजारी सफरचंदाची झाडं आहेत. त्या फळांचा वास चहाच्या पानात उतरतो, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. मी मान हलवते आणि कप पुढे करते. विश्वास ठेवायची सक्ती नसते.

२१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात या रस्त्याचा कुकुआन ते देजी हा टप्पा उद्ध्वस्त झाला. दुरुस्ती झाली, ती २००४ च्या वादळात वाहून गेली. सर्वसाधारण वाहतुकीसाठी तो टप्पा अजून खुला नाही. ताइचुंग शहराच्या हद्दीतल्याच लीशानला ताइचुंगहून सरळ जाता येत नाही. पुली गावावरून वर चढायचं, ३,२७५ मीटरवरची वूलिंग खिंड ओलांडायची, दायूलिंगच्या तिठ्यावर वळायचं आणि मग पलीकडे उतरायचं. नाहीतर पूर्वेकडून, यिलानमार्गे. खत याच वाटेनं वर जातं, मजूर याच वाटेनं, आणि चहा याच वाटेनं खाली येतो. लीशानच्या भावातला बराचसा भाग या वळशाचा आहे आणि तो मी खळखळ न करता देते. हा खर्च खरा आहे.

दायूलिंगचं तसं नाही. तिथले मळे मुळात थोडे, त्यातले काही वनजमिनीवरचे. २०१५ मध्ये सरकारनं जमीन परत घेऊन तिथली झुडपं काढून टाकली. इतक्या तीव्र उतारावर चहा लावला की माती सुटते, दरडी येतात आणि गाळ खाली धरणात जातो, हे कारण; आणि ते रास्त होतं. ऑगस्ट २००९ च्या मोराकोट वादळात अलीशानच्या रस्त्याची आणि रेल्वेची जी गत झाली ती पाहिलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. गंमत अशी की मळे कमी झाले, पण दुकानांतला दायूलिंग काही कमी झाला नाही.

*

चहा करणारा माणूस वर्षातून दोन-तीनदा असे काही आठवडे काढतो, ज्यांत त्याला झोप नसते. ते समजून घेतल्याशिवाय या चहाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून जरा सविस्तर.

खुडणी सुरू होते दव सुकल्यावर. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानचं पान सगळ्यात चांगलं मानतात. दव गेलेलं असतं आणि ढग यायचे असतात. खुडणाऱ्या बहुतेक बायका, वयानं पन्नाशी-साठीच्या, अलीकडे त्यांच्यात व्हिएतनामहून आलेल्याही. डोक्यावर बांबूची टोपी, तोंडाला फडकं, कमरेला टोपली, आणि तर्जनीला चिकटपट्टीनं बांधलेला दाढीच्या पात्याचा तुकडा. त्यानं देठ सफाईनं कापला जातो. पैसे वजनावर. ऊलाँगसाठी अगदी कोवळी कळी नको असते. पान थोडं निबर व्हावं लागतं, तरच पुढची मारहाण सोसतं. दोन-तीन पानं देठासकट. ओलं पान साधारण चार-पाच जिन खुडावं, तेव्हा एक जिन चहा होतो.

मग पान अंगणात ताडपत्रीवर पसरतात. वर जाळी, ऊन कडक वाटलं तर ओढायची. पान मऊ पडलं, चकाकी गेली की आत. आत बांबूच्या मोठमोठ्या गोल परड्या मांडणीवर चढवलेल्या असतात. खरं काम इथे, आणि ते रात्रीचं. दर तास-दीड तासानं एकेक परडी खाली काढून दोन्ही हातांनी पान वर-खाली करायचं. पहिल्यांदा अगदी अलगद, मग जरा जोरानं, शेवटी बांबूच्या पिंपात घालून चांगलं घुसळायचं. पानाच्या कडा एकमेकांवर घासून खरचटतात. खरचटलेल्या कडेला हवा लागते, ती तांबूस होऊ लागते आणि वास पालटतो. आधी कापलेल्या गवताचा, मग फुलांचा, मग फळाचा. कुठल्या वासाला थांबायचं हे घड्याळावर नसतं. बनवणारा परडीत तोंड खुपसून हुंगत असतो. मध्यरात्र होते, पहाट होते. त्याला वाटलं की झालं, मग पान तापलेल्या फिरत्या पिंपात जातं. दोन-अडीचशे अंशांच्या वर, काही मिनिटं. उष्णतेनं पानातली विकरं मरतात आणि चहा होता तिथे थांबतो. डोंगरी ऊलाँग फार पुढे नेत नाहीत, हिरव्याकडेच झुकता ठेवतात.

दुसरा दिवस गाठोड्यांचा. किंचित सुकवलेलं पान जाड कापडात बांधून यंत्रात पीळ देऊन गच्च गोळा करायचा, तो दोन तव्यांमध्ये लोळवायचा, सोडायचा, गुठळ्या फोडायच्या, गरम करायचं, पुन्हा बांधायचं. असं वीस-तीस वेळा, कधी त्याहूनही जास्त. संध्याकाळपर्यंत लांबोडकं पान वळून वाटाण्याएवढी गाठ होतं. मग शेवटची सुकवणी.

पंचतारांकित डोंगरावरचं पान आळशी माणसाच्या हाती पडलं तर काय होईल याचा विचार दरफलक वाचताना करावा. तैवानातले जाणते ग्राहक डोंगराआधी बनवणाऱ्याचं नाव विचारतात. आपण परके, आपल्याला नाव कळून उपयोग नाही. पण दुकानदाराला ते ठाऊक आहे की नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

*

जात. डोंगरावर मान आहे तो ‘चिंगशिन’ ऊलाँगला. जुनं, नाजूक, रोगाला बळी पडणारं, कमी पिकणारं झुडूप, तरी शेतकरी त्याला सोडत नाहीत. दुसरं ‘जिनश्वान’, सरकारी चहा संशोधन केंद्राचं १२ क्रमांकाचं वाण, १९८१ मध्ये बाहेर आलेलं. ते धट्टंकट्टं, भरपूर पिकतं आणि त्याला अंगचाच एक सायीसारखा मंद वास असतो. याच मंदपणानं त्याचा घात केला. ‘मिल्क ऊलाँग’ नावानं जगभर जे विकतात, त्यातल्या पाकीट फोडताच खोलीभर दुधाच्या टॉफीचा वास सोडणाऱ्या मालाला बाहेरून सुगंध लावलेला असतो. खऱ्या जिनश्वानचा दुधाळपणा शोधावा लागतो. शोधूनही सापडला नाही तर ते वाईट लक्षण नव्हे.

अलीशानचा जिनश्वान हा सुरुवात करणाऱ्यानं घ्यावा असा चहा. स्वस्त, सोशिक, पाणी थोडं चुकलं तरी रुसत नाही.

*

हंगाम उंचीइतकाच महत्त्वाचा, आणि त्याबद्दल खोटं कमी बोललं जातं. वसंतातली खुडणी एप्रिल-मे, जितकं वर तितकी उशिरा. हिवाळ्यातली ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर. उन्हाळ्यातला चहा तुरट, म्हणून स्वस्त, आणि तो बऱ्याचदा इतर मालात मिसळायला जातो. वसंतातला अंगानं भरलेला; हिवाळ्यातला हलका, पण वास लांब टिकणारा. मी हिवाळ्याच्या बाजूची.

*

व्यवहार. तैवानात सुटा चहा घेतला तरी पाकीट बहुधा चार ‘ल्यांग’चं, म्हणजे १५० ग्रॅमचं, हवा काढून गच्च बसवलेलं. समजा १,६०० तैवानी डॉलर जिनचा बरा अलीशान घेतला. पाकीट ४०० ला पडलं. एका वेळी पाच ग्रॅम धरले तर तीस बैठका. म्हणजे एका बैठकीचे साधारण सव्वातेरा डॉलर, आणि एका बैठकीत तीच पानं पाच-सहा वेळा पाणी घेतात. तैपेईच्या कोपऱ्यावरचा साबुदाण्याच्या गोळ्यांचा दुधाळ चहा याच्या कितीतरी पट महाग. चांगला चहा श्रीमंतांचा, हा समज या हिशेबापुढे टिकत नाही. टिकतो तो फक्त वरच्या टोकाला, आणि तिथे आपण चहापेक्षा नावाचे पैसे देत असतो.

*

तैपेईच्या जुन्या दादाओचंग भागात लिन हुआ ताई नावाची पेढी आहे, १८८३ ची. आत माणसाच्या छातीपर्यंत येणारी पत्र्याची मोठी पिंपं, झाकणावर नाव आणि जिनचा भाव. सजावट नाही, चवीला देण्याचा सोहळा नाही. सांगाल तेवढं तोलून कागदी पिशवीत. ज्याला स्वतःला काय हवं ते कळतं त्याच्यासाठी याहून सुटसुटीत दुकान नाही.

एरवी मात्र दुकानात बसवून घेतात. लाकडी मोठं टेबल, पलीकडे मालक किंवा मालकीणबाई, किटली सतत उकळती. तीन-चार चहा एकापाठोपाठ. घाई करणं अशिष्ट, घासाघीस त्याहून अशिष्ट. तासभर पिऊन काहीच न घेता उठणंही चालतं, कोणी तोंड वाकडं करत नाही, पण एखादं पाकीट तरी घेऊन उठावं. मराठी माणसाला तिथे एक अडचण येते. यजमानानं कप भरला की संपवायचा, ही आपली सवय. आणि रिकामा कप दिसला की भरायचा, ही त्यांची. डोंगरी ऊलाँग उपाशीपोटी दहा-बारा कप झाला तर हात कापायला लागतात. दुकानात जायच्या आधी पोटभर खावं.

मालकीणबाई चहा देताना बोलत असतात. ऐकावं, पण कप थंड झाल्यावर पुन्हा एकदा प्यावा. गरम असताना वास सगळं झाकतो. गार कपात कच्चेपणा, तुरटपणा, भाजताना लागलेला धूर लपत नाही. वापरलेली पानं दाखवा म्हणावं, आनंदानं दाखवतात. हातानं खुडलेलं असेल तर देठाला अखंड पानं लागलेली दिसतात, कडा किंचित तांबूस. यंत्रानं कापलेलं असेल तर अर्धीमुर्धी, सरळ धारेनं तुटलेली. चहात देठ दिसले म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. गोडवा देठातही असतो. ते निवडून काढणं हे दिसण्यासाठी, आणि निवडणाऱ्या बायकांची मजुरी भावात येते.

*

खोटा माल. तैवानात वर्षाला सुमारे १४-१५ हजार टन चहा होतो आणि बाहेरून येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, बहुतांश व्हिएतनामचा. त्यातला मोठा हिस्सा बाटल्यांत आणि साबुदाणा-चहात जातो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवाछपवी होते ती गोळीच्या चहात. व्हिएतनामच्या लाम दोंग प्रांतात तैवानच्याच उद्योजकांनी नेलेली तैवानचीच झुडपं आहेत, यंत्रं तीच, बनवण्याची रीत तीच. नुसतं बघून ओळखणं कठीण. म्हणून सरकारी संशोधन केंद्र आता पानातल्या खनिज मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून माती कुठली ते ओळखतं.

हा व्हिएतनामी ऊलाँग वाईट असतो असं मुळीच नाही. व्हिएतनामी म्हणून, व्हिएतनामी भावात मिळाला तर मी आनंदानं घेईन. चीड येते ती लेबलाची. आणि लेबलाला एवढं मोल कोणी दिलं? डोंगराचं नाव बघून पैसे मोजणाऱ्या आपणच.

*

स्पर्धा. लूगू गावची शेतकरी संघटना १९७६ पासून तिथल्या दोंगदिंग ऊलाँगची स्पर्धा घेते, हजारांनी नमुने येतात. परीक्षकांसमोर नाव नसतं, नुसते क्रमांक. जिंकलेला माल संघटनेच्या सीलबंद डब्यांत, डब्यावर श्रेणी. वरच्या बक्षिसांचे भाव भेट देणाऱ्यांसाठी असतात. खालच्या श्रेणीचा डबा मात्र प्रामाणिक सौदा: कोणीतरी जाणत्यानं तो चहा आधी पिऊन पास केलेला असतो. हा भाजलेला चहा, फुलांच्या वासाचा डोंगरी चहा आवडणाऱ्यांना जड वाटेल. लूगूचे मळे फार उंच नाहीत, त्यांचं नाव झालं ते बनवण्यावर आणि भाजण्यावर.

परीक्षक ज्या रीतीनं चहा तपासतात ती कुणालाही जमण्यासारखी: तीन ग्रॅम पान, दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी, सहा मिनिटं, गाळून घ्या. इतका वेळ ठेवलेला चहा प्यायला गोड लागत नाही आणि लागावा अशी अपेक्षाही नाही. दोष वर यावेत म्हणून ही शिक्षा. घरी आणलेल्या प्रत्येक नव्या पाकिटाला मी ती देते. सहा मिनिटांनंतरही जो चहा कडू झाला नाही, त्याच्या डोंगराचं नाव मग काहीही असो.

*

करायची रीत. झाकणाचा चिनी कप, गाइवान, १०० ते १२० मिलिलिटरचा. पाच-सहा ग्रॅम पान. गोळ्या तळ झाकतील इतक्या, जास्त नकोत, कारण पानं उलगडली की झाकण वर उचलतात. पाणी उकळतं. हिरव्या चहाला ऐंशी अंशांचं पाणी हा नियम लोक इथेही लावतात आणि मग चहा पाणचट झाला म्हणून तक्रार करतात. घट्ट वळलेली गोळी कोमट पाण्यात उघडतच नाही.

पहिलं पाणी पन्नास-साठ सेकंद, कारण पान अजून झोपलेलं. दुसरं त्याहून कमी. तिसऱ्यापासून दर वेळी थोडं वाढवत जायचं. दुसरं-तिसरं पाणी सगळ्यात चांगलं, असं सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे. पहिल्या पाण्यानं पान धुऊन ते टाकून देतात काहीजण. भांडी गरम करायला वापरतात. मी पिते. इतक्या लांबून आणलेला चहा मोरीत ओतायचा जीव होत नाही.

हुंगण्याचा उंच वेगळा कप, त्यावर पालथा घातलेला पिण्याचा कप, ही तैवानची हौस. एकदा करून बघायला मजा येते. रोज नको. तसंच मातीच्या लाल चहादाणीचं. भाजलेल्या चहाला ती शोभते. हिरव्या, फुलवाल्या चहाचा वरचा सूर ती शोषून घेते. त्या पैशात आणखी चहा घ्यावा.

मोठा मग असेल तर आठ-दहा गोळ्या टाकाव्यात, वरून उकळतं पाणी, अर्धा पिऊन झाला की पुन्हा भरावा. तैवानातले शेतकरी स्वतः कितीतरी वेळा असाच पितात.

*

पाणी मात्र सोडू नये. पुण्यात धरणाचं पाणी मऊ, त्यात हा चहा छान उघडतो. सोसायटीच्या बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, क्षारांनी जड. त्यात फुलांचा वास जातो, वर साय धरते आणि तळाशी एक खडूची चव राहते. शुद्धीकरण यंत्राचं, सगळंच काढून घेतलेलं पाणी दुसऱ्या टोकाचं, त्यात चहा पोकळ लागतो. दोन्ही अर्धे-अर्धे मिसळले की बहुतेक ठिकाणी निभतं.

*

भारताशी या बेटाच्या चहाचं नातं आहे, पण डोंगरावर नाही, खाली तळ्याकाठी. जपानी अमदानीत, १९२५ च्या सुमारास, आसामचं बी आणून सन-मून सरोवराजवळच्या यूची गावात लावलं. ८ क्रमांकाचं वाण आसामी बियाणातूनच निवडलेलं. १९९९ मध्ये आलेलं १८ क्रमांकाचं ‘रूबी’ हे ब्रह्मदेशातला मोठ्या पानाचा चहा आणि तैवानचा रानटी चहा यांचं अपत्य. दालचिनी-पुदिन्याचा वास असलेला काळा चहा. दूध घालून पिणाऱ्या पाहुण्यांसाठी तैवानहून काही आणायचंच असेल तर हा आणावा. ऊलाँगमध्ये दूध घातल्यास गुन्हा नोंदवता येत नाही, एवढंच.

*

शेजारच्या काकूंना पहिल्यांदा गरम दिला तेव्हा त्यांनी कपात बघून विचारलं, “अगं, पूड घालायची राहिली का?” साखर मागितली, दिली. त्यांना पटला तो उन्हाळ्यात, गार. पाच ग्रॅम पान, अर्धा लिटर साधं पाणी, बाटली रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळून. थंड पाण्यात तुरटपणा कमी उतरतो आणि गोडवा येतो, त्यामुळे मध्यम प्रतीचा चहाही यात सुरेख लागतो. तैवानात हे घरोघरी चालतं. काकू आता एप्रिल-मेमध्ये बाटली घेऊन स्वतःच येतात आणि त्याला ‘तुझं ते सरबत’ म्हणतात. महागडा लीशान यात घालू नये, त्याची मेहनत वाया जाते.

*

साठवण. पाकीट फोडलं की महिना-दीड महिन्यात संपवावं, निदान हिरव्याकडे झुकणाऱ्या ऊलाँगचं तरी. आपल्याकडे शत्रू दोन: पावसाळा आणि मसाले. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये उघडं पाकीट आठवडाभरात मऊ पडतं. चहा हवेतला वास धरतो, म्हणून मसाल्याच्या मांडणीवर तर नाहीच, शेजारच्या फळीवरही नको. न फोडलेली पाकिटं फ्रीजरमध्ये राहतात. बाहेर काढली की पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय कात्री लावायची नाही, नाहीतर गार पानावर दव धरतं.

इतकं करूनही एखादं पाकीट मरगळतंच. वास गेलेला, पण चहा खराब नाही, असा. तैवानातला दुकानदार तो पुन्हा भाजून देतो; भाजणं हा तिथे वेगळा व्यवसाय आहे, रात्र-रात्र मंद आचेवर चालणारा. घरी तेवढं साधत नाही, पण कोरड्या कढईत अगदी बारीक आचेवर, हलवत, आठ-दहा मिनिटं गरम केला तर शिळेपणा निघून जातो आणि थोडा खमंगपणा येतो. एकच पथ्य: ज्या कढईत कधी मोहरी तडतडली असेल ती घ्यायची नाही. आमच्या घरात मोहरी न पाहिलेली कढई नसल्यामुळे मी चहासाठी वेगळी छोटी कढई आणली आहे आणि ती लपवून ठेवावी लागते.